गोव्याच्या खाडीत फ्लाय फिशिंग: नव्याने हात घालणाऱ्या बायकांसाठी

फ्लाय फिशिंग शिकायचं म्हणून मोबाईल उघडला की समोर येतो डोंगरातला थंड ओढा, त्यात छातीपर्यंत रबरी विजार चढवून उभा असलेला पुरुष आणि त्याच्या हातात ट्राउट. भारतात ट्राउट आहे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंच जागी, आणि तोही इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला. पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो औषधालाही सापडायचा नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीच्या नद्या, तिवरांची गर्दी, खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतांचे, बांध आणि त्यांत फिरणारा चणक हा शिकारी मासा. तेव्हा त्या व्हिडिओंमधलं निम्मं इथे लागू पडत नाही. जे लागू पडतं ते वेगळं काढून, आपल्या पाण्याला जुळवून सांगायचा हा प्रयत्न आहे.

बायकांसाठी मुद्दाम लिहायचं कारण असं, की गोव्यात नुस्तं विकायला बाई, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवं काढायला बाई, पण गरी घेऊन बांधावर बसलेली बाई क्वचितच दिसते. फ्लाय फिशिंगमध्ये तर ताकदीचा प्रश्नच नाही. साध्या गरीत शिसं किंवा आमिष जड असतं आणि ते आपल्यामागे दोरी ओढून नेतं. इथे उलट आहे. गळावर पिसं-धागे गुंडाळून केलेली माशी जवळजवळ बिनवजनाची, आणि जाडसर, वजनदार लाइन तिला वाहून नेते. ती लाइन हवेत उलगडायची तर मनगटात जोर नको, वेळ साधता यायला हवी. अमेरिकेतल्या जोन वुल्फ यांनी १९५१ मध्ये लांब फेकीची स्पर्धा सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली आणि १९६० मध्ये १६१ फूट लाइन फेकली. पुढे पतीबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात त्यांनी शाळा काढून हजारोंना फेक शिकवली.

आधी पाणी, मग दुकान

नव्या माणसाचे पैसे सगळ्यात आधी सामानात जातात. माझं म्हणणं, पहिले काही आठवडे रिकाम्या हाताने खाडीवर जा. भरतीचं पाणी कुठून चढतं, सुकतीला कुठल्या वहाळातून गढूळ धार बाहेर पडते, बगळे कुठे उभे राहतात, बारीक मासळी कुठे उसळते, हे बघा. चणक आणि तांबोशी दबा धरून बसणारे मासे. वाहत्या पाण्यातून कोळंबी आणि पिल्लं आपसूक समोर येतील अशी जागा ते धरतात: तिवराची मुळं, पडकं कुंपण, पुलाचा खांब, वहाळाचं तोंड. थांबलेल्या पाण्यात त्यांना काम नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

वेळ काढायची आजीची रीत अजून चालते. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहा पाऊणे साडेचार: पहाटे साडेचारला भरती पूर्ण, साडेदहाच्या सुमारास सुकती संपली. म्हणजे उजाडल्यापासून साडेदहापर्यंत पाणी सतत उतरतं आहे, आणि आपल्याला हवं ते नेमकं हेच. वद्य षष्ठीलाही हाच हिशोब. मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या, आणि लक्षात ठेवा की नदीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकी ही वेळ मागे सरकते. रायबंदरला आणि त्याच्याही वर साखळीकडे एकाच वेळी सुकती लागत नाही.

अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी धावतं, लाइन ताब्यात राहत नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते संथ असतं. सुरुवात करणारीने षष्ठी ते दशमीचे दिवस धरावेत. उधाणाची सुकती चणकासाठी जास्त चांगली, पण ती हात बसल्यावर.

वाऱ्याचंही गणित आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, तो मंद. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटला की नवशिकीची फेक तिच्याच टोपीत येऊन पडते. म्हणून ऑक्टोबर ते मे, आणि सकाळ. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असतं, नोव्हेंबरपासून निवळतं. ऑक्टोबर आणि मे हे गडगडाटाचेही महिने. फ्लाय रॉड कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज वाहते. ढगांचा आवाज आला की रॉड खाली ठेवून निघायचं. खाजनातून जाणाऱ्या विजेच्या तारांखालीही रॉड उभा धरून चालू नका.

सामान

इथे ट्राउटवाल्यांचा सल्ला ऐकू नका. ते पाच नंबरचा (रॉडचा नंबर म्हणजे त्याला जुळणाऱ्या लाइनच्या वजनाचा आकडा) नाजूक रॉड घ्यायला सांगतील. आपल्याकडे वारा आहे, माशी मोठी आहे, आणि चणक एकदा तिवरात शिरला की परत येत नाही. नऊ फुटी, आठ नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड घ्या. चार तुकड्यांचा म्हणजे स्कूटरवर आणि कदंबाच्या बसमध्येही मावतो. दुकानदार ‘लेडीज’ म्हणून आखूड, गुलाबी, हलका रॉड पुढे करेल, तो परत करा. मुठीची जाडी मात्र धरून बघा. आपला हात लहान असेल तर जाड बुचाची मूठ तासाभरात बोटं आखडवते.

लाइन तरंगणारी, पुढच्या टोकाला वजन असलेली, आणि डब्यावर उष्ण प्रदेशासाठी असं स्पष्ट लिहिलेली हवी. थंड पाण्यासाठी केलेली लाइन आपल्या उन्हात मऊ आणि चिकट होते, रॉडच्या कड्यांमधून सरकत नाही, आणि बाई समजते की आपल्यालाच जमत नाही. रील खाऱ्या पाण्याला टिकणारी, आत १५० मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची जादा बारीक दोरी, मावेल अशी. लाइनच्या पुढे नऊ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधली पारदर्शक दोरी, आणि त्याच्यापुढे दोन फूट जाड फ्लोरोकार्बन, ३० ते ४० पौंडांचं. चणकाचे दात बारीक, पण कानस फिरवल्यासारखे खरखरीत. बारीक दोरी त्यांच्यावर घासून तुटते.

माश्यांमध्ये सुरुवातीला दोनच प्रकार पुरेत. एक क्लाउझर मिनो, ज्याच्या डोक्याला धातूचे डोळे असतात, त्यामुळे ती गळ वर करून पोहते आणि मुळांत कमी अडकते. दुसरी डिसीव्हर, लांब पिसांची, पाण्यात बारीक मासळीसारखी दिसणारी. पांढरी-हिरवी, पांढरी-तपकिरी आणि गढूळ पाण्यासाठी काळी. गळ २ नंबरपासून २/० पर्यंत. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, घरातून निघण्याआधीच. मासा सोडायला सोपं, आणि गळ आपल्या बोटात घुसला तरी आला तसा निघतो.

चष्मा हा सामानाचाच भाग आहे. ध्रुवीकृत काचांचा चष्मा पाण्यावरची चकाकी कापतो आणि मासा दिसतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याने भरकटलेली माशी डोळ्यात जात नाही. चष्मा नसेल तर त्या दिवशी फेकू नका.

कपडे: लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा शर्ट, साधी पँट, जुने कॅनव्हासचे बूट. चपला नकोत. खडकांवरची कालवं तळवा सुरीसारखी चिरतात. ओढणी घरी ठेवा, वेणी घट्ट बांधा. आणि बांगड्या, घड्याळ काढा. फेक सुटताना डाव्या हातातून लाइनचे वेढे भराभर सुटतात. एक वेढा काचेच्या बांगडीत अडकला की लाइन तिथेच थांबते, बांगडी तरी फुटते नाहीतर माशी मागे फिरते. मंगळसूत्र शर्टच्या आत.

मैदानावर

पाण्यावर जायच्या आधी गवतावर शिकायचं. गावच्या फुटबॉलच्या मैदानावर सकाळी सहाला कोणी नसतं, कापणी झालेलं शेतही चालतं. डांबर किंवा सिमेंटवर नको, लाइन खरवडते. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. पोरं जमतील, कोणी पतंग उडवते का विचारेल. विचारू दे.

रॉड धरताना अंगठा मुठीच्या वरच्या अंगाला. सुमारे तीस फूट लाइन समोर सरळ पसरा, रॉडचं टोक जमिनीला टेकत आलेलं. ढील अजिबात नको, कारण ढील असेल तर पहिला अर्धा जोर ती काढण्यातच जातो. आता रॉड मागे न्या: सावकाश सुरू, वेग वाढवत, आणि घड्याळातल्या एकच्या जागी एकदम थांबा. ओली चादर वाळत घालण्याआधी आपण झटकतो, हात हळू उचलतो आणि वर नेऊन एकदम अडवतो, तसाच हा थांबा. त्या थांब्यानेच लाइनचा वेढा तयार होऊन मागे उलगडत जातो.

मग वाट पाहायची. नव्वद टक्के चुका इथे होतात. लाइन मागे पूर्ण सरळ व्हायच्या आत पुढे झटका मारला की चाबकासारखा आवाज येतो आणि लोकर तुटून पडते. पाण्यावर असता तर माशी गेली असती. मान वळवून मागे बघा. काही जाणकार बघू नका म्हणतात, पण लाइन सरळ होताना एकदा डोळ्यांनी दिसली की हाताला ती वेळ लवकर कळते. लाइन सरळ झाली की पुढे: पुन्हा सावकाश, वेग, आणि दहाच्या जागी थांबा. नंतर रॉड हळूच खाली. मनगट मागे मोडू देऊ नका. मोडलं तर लाइन मागच्या गवतात पडते. नवशिकीने मुठीचं खालचं टोक शर्टच्या बाहीत खोचलं तरी चालेल, मनगट आपोआप आवरतं.

रोज वीस मिनिटं पुरे, खांदा दुखायच्या आत थांबायचं. लीडरमध्ये मध्येच गाठी दिसू लागल्या तर दोष वाऱ्याला देऊ नका. झटका सुरुवातीलाच मारल्याने लाइन स्वतःलाच ओलांडते आणि गाठ पडते. चाळीस फूट सरळ आणि न गुंतता पडायला लागलं की मैदान संपलं. खाडीत बहुतेक मासे त्याहून जवळच असतात. मागे झाडी असेल तिथे लाइन मागे न टाकता पाण्यावरूनच लोळवून पुढे टाकायची रोल कास्ट लागते, ती मात्र पाण्यावरच शिकता येते. गवत लाइनला धरत नाही.

गाठी दोनच. लाइन-लीडरला फासात फास, आणि माशीला न आवळणारा मोकळा फास, म्हणजे माशी पाण्यात हलते. कुठलीही गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढलीत तर घर्षणाने दोरी तापून कमजोर होते.

जागा, आणि कुठे जायचं नाही

सुरुवात नदीच्या मुखाच्या आतल्या वाळूच्या पट्ट्यांवर करा. तेरेखोलला केरीच्या बाजूने, शापोऱ्याला मोरजीच्या बाजूने, साळ नदीला बेतूलजवळ, दक्षिणेला तळपण. मागे मोकळं असतं, पायाखाली चिखल कमी. पण मुखाशी सुकतीची ओढ जबर असते. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. मोरजी आणि गालजीबागला थंडीत कासवं अंडी घालतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेपासून लांबून जा आणि अंधारात तिथे टॉर्च फिरवू नका.

मानशीजवळ, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी अडवायच्या दारांजवळ, लाइन टाकू नका. खाजनाच्या मानशीवर सुकतीला जाळं लावून मासळी धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, ती घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात. आपली ‘हौस’ म्हणजे त्याच्या पोटावर पाय. बांधावरून चालतानाही शेतकऱ्याला विचारून चाला, आणि मऊ झालेली कड मोडू नका, तिथूनच खारं पाणी शेतात शिरतं. अभयारण्यांत मासेमारीला मनाई आहे, म्हणजे म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव डोक्यातून काढा. जागेबद्दल शंका आली तर मत्स्योद्योग खात्याच्या कार्यालयात विचारावं, गावच्या पारावर नव्हे.

आणि कुंभारजुवे. मांडवी आणि जुवारी जोडणारा हा कालवा मासळीने भरलेला आहे आणि मगरींनीही. दुर्भाटकडच्या गावांत पौष अमावास्येला बांधावर चिखलाची मगर घडवून पूजतात, ती मांगे थापणी. शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या लोकांनी तिचा मान ठेवलेला आहे. आपण त्या पाण्यात पाय घालायचा नाही, काठावर वाकूनही उभं राहायचं नाही. तिथे मासेमारी होडीतूनच, जाणत्या होडीवाल्याबरोबर, अंगात जीवरक्षक जाकीट घालून.

वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट वाळूत पसरून बसलेली असते, धक्का लागला की निघून जाते, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. पाकट किंवा सांगट माशाचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, आणि मग आरोग्य केंद्र. गळ डोळ्याजवळ लागला तर स्वतः ओढायचा नाही, सरळ इस्पितळ.

एकटीने जाण्याबद्दल: पहिले काही महिने सोबत न्या, फेकणारी नसली तरी चालेल. घरी जागेचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा. आडोशाची सोय कुठे आहे, ते आधी बघून ठेवा. पुरुष लिहितात त्या मार्गदर्शकांत हे नसतं, आणि निम्म्या बायकांची सकाळ त्यापायीच आठ वाजता संपते.

पहिला मासा

उड्या मारणारा मासा पाहून हुरळू नका. ते बहुतेक शेवटे असतात. शेवटा शेवाळ आणि चिखलातला गाळ खातो. त्याच्यासमोर दिवसभर माशी नाचवली तरी तो ढुंकून बघत नाही. वाळूवर मुडदुशी, लहान ट्रेव्हली, मुळांकडे तांबोशीची पिल्लं, हे तुमचे पहिले गुरू. मुडदुशीसाठी माशी बारीक, कोळंबीच्या रंगाची, तळाशी सरपटणारी.

माशी प्रवाहाला तिरपी टाका, बुडू द्या, मग डाव्या हाताने वीतभर, वीतभर लाइन ओढत या. ओढलेली लाइन पायाशी पडते आणि गुंतते. घरातली कपड्यांची प्लास्टिकची टोपली कमरेला बांधा आणि लाइन तिच्यात पडू द्या. महागडी आयात केलेली टोपली हेच काम करते. दणका बसला की रॉड वर उचलू नका. साध्या गरीची ही सवय इथे नडते. रॉड पाण्याकडे रोखलेलाच ठेवून डाव्या हाताने लाइन लांब खेचा. गळ रुतला तर ठीक, नाहीतर माशी माशाच्या समोरच राहते आणि तो पुन्हा येतो.

मासा पाण्याबाहेर ओढत आणू नका. हात ओले करा, रबरी जाळीत घ्या. चणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पातं आहे, तिथे बोट घालायचं नाही. खालचा ओठ अंगठ्याने धरा आणि पोटाखाली दुसरा हात. तांबोशीला मात्र सुळे आहेत, तिच्या तोंडात बोट नको, पक्कड वापरा.

आता खायचा की सोडायचा. मी पोटात मासा न जाणाऱ्या घरातली नाही, मध्यम चणक आमच्याकडे रव्यात घोळून तव्यावर जातो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण चणक जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभर लांबीचा चणक जवळपास नेहमीच मादी असते, आणि पावसाळ्यात मुखाकडे उतरून लाखोंनी अंडी घालणारी तीच. ती सोडायची. पाण्यात सरळ धरून, तोंड प्रवाहाकडे, शेपूट स्वतः झटकेपर्यंत. काठावरून ‘कितें मेळ्ळें?’ विचारणारा माणूस मग ‘सोडलें? कित्याक गो?’ विचारणारच. त्याला अंड्यांचा हिशोब सांगा, पटतो. घरी सासूबाईंना पटवणं अवघड.

जून-जुलैमध्ये माश्या बांधा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. ती काठावरच्या रॉडसाठी नाही, पण नद्या फुगलेल्या, पाणी लाल, आणि मासा पिढी वाढवण्यात गुंतलेला, मग श्रावण. ही बसून माश्या बांधायची वेळ. टेबलाला लावायचा छोटा शिकंजा आणि बॉबिन, म्हणजे धाग्याचं रीळ धरायचं साधन, विकत घ्या, बाकी बरंच घरात आहे. चमचमसाठी जरीचा धागा. डोळ्यांसाठी पडदे ओढायच्या मण्यांच्या साखळीतले दोन मणी. पिसं गावठी कोंबड्याच्या मानेची, पाहुणे येतील त्या दिवशी आधीच बाजूला काढून ठेवा. शेवटच्या गाठीवर पारदर्शक नेलपॉलिश, दोन हात, मधे वाळू द्यायचं. विकतचा चिकटा याहून वेगळं काही करत नाही.

एक पीस मात्र घ्यायचं नाही. जुन्या इंग्रजी सॅमन माश्यांवर जे ठिपक्यांचं, मेणासारखं चकाकणारं पीस दिसतं, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. एकेकाळी भारतातून त्याची निर्यात होई. आज पक्षी संरक्षित आहे आणि निर्यात बंद. त्या माश्या बांधण्यात नाव काढलं ते मेगन बॉइड या स्कॉटलंडच्या बाईने, ब्रोराजवळच्या एका छोट्या घरात बसून. १९७१ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचं पदक मिळालं. स्वतः मात्र त्या मासे धरायच्या भानगडीत पडल्या नाहीत. तुमच्यापैकी कोणाला बांधण्यातच जास्त रस आला तर तेही होऊ शकतं.

रील गोड्या पाण्यात धुवायचं राहून गेलं तर पुढच्या सीझनला ती फिरणार नाही. प्रत्येक फेरीनंतर ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळून संथ धारेखाली धरा. पाइपचा जोर लावू नका, मीठ आत ढकललं जातं. मग पुसून, ड्रॅग सैल करून, पिशवीबाहेर वाळत ठेवा. लाइन ओल्या फडक्यातून ओढून काढली की काळा थर निघतो. त्याच वेळी वहीत तिथी, सुकतीची वेळ, वारा आणि जागा लिहून टाका.